एक्केचाळीस अभिप्राय

सिडको एन-९, छत्रपती संभाजीनगर
२ ऑक्टोबर २०२४

चि. सत्यम,

आशीर्वाद लिहितोय. घ्यायचे का नाही ते तुझं तू बघ. दोन आठवडे झाले, तुझा फोन बंद लागतोय. आई रोज दुपारी लावते, बंद आहे असं ती बाई सांगते आणि आई त्या बाईवरच चिडते. शेवटी म्हटलं कागद घ्यावा. आज गांधी जयंती, पोस्ट बंद. उद्या स्पीड पोस्टानं टाकतो.

तुझ्या खोलीतल्या मित्राकडून कळलं की त्या ऑनलाईन दुकानानं तुमचा गेम काढून टाकला. 'नहर' काढून टाकला! तू आणि मृण्मयीनं तीन वर्षं खपून केलेला. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. जुडी तशीच हातात राहिली.

आता माझं मत ऐक. मला ही दुकानं पहिल्यापासून पसंत नाहीत. दुकान म्हणजे कसं, गल्ला असतो, गल्ल्यावर माणूस असतो, भांडायचं तर त्याच्याशी भांडता येतं. इथं पैसे टाकायचे आणि हातात काय येतं? डबी नाही, पावती नाही. मालकानं शटर ओढलं की विकणाराही बाहेर आणि घेणाराही. तू सातवीत असताना औरंगपुऱ्यातून तुला टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता, आठवतो? त्याची पिवळी कॅसेट अजून माळ्यावर आहे. फुंकर मारून लावली की चालते. तिला परत न्यायला कुणी येत नाही.

आणि म्हणे लोकांचे अभिप्राय खोटे निघाले. खोटे म्हणजे काय? लोकांनी लिहिलं, लोकांना आवडला असेल. परदेशात बसलेल्या माणसाला आपल्याकडचं खरं-खोटं काय कळणार? मला तर हा सगळा मोठ्या कंपन्यांचा डाव वाटतो.

सत्यम, ५ सप्टेंबरला शिक्षकदिनी तू फोन केलास. दोन वर्षांनी. 'पप्पा, आपला गेम लागला दुकानात,' म्हणालास. 'आपला' म्हणालास. नोकरी सोडून आलास तेव्हा मी तुला भरल्या ताटावर 'खेळणीवाला' म्हणालो होतो, आणि तू हात धुऊन निघून गेला होतास. त्या दिवशी फोनवर तू त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मी काय बोललो मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, 'आवो, डोळे पुसा.'

फोन चालू कर. एवढंच.

तुझे पप्पा


१९ ऑक्टोबर २०२४

चि. सत्यम,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण मिळालं. आई ते पाकीट उशाखाली ठेवते.

तू लिहिलंस: 'हे मृण्मयीनं केलं. खोटे अभिप्राय एका ठिकाणाहून गेलेत, आपल्या शहरातून, आणि गणपतीत ती तिथंच आईबाबांकडे होती. दुकानाचं पान तीच सांभाळायची. तोंडावर विचारलं तर गप्प बसली. तिथं दुसरं कोण आहे? तुम्हाला तर खातं कसं काढतात तेही येत नाही.'

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं.

मी काय सांगणार? तुम्ही दोघांनी सोबत काम केलंय. मुलगी चांगलीच होती. पण घाईत माणसाकडून होऊन जातं. तू तिच्याबरोबरचं काम बंद केलंस, ते तुझ्या जागी बरोबरच असेल. लई खोलात जाऊ नकोस. झालं ते झालं.

दुकानानं नव्वद दिवस दिलेत असं तू लिहिलंस. कुणी केलं ते लेखी द्या, मग गेम परत लावायचा विचार करू, मुदत १५ डिसेंबर. ती लेखी देत नाही म्हणून गेम गेल्यातच जमा. बघू. अजून वेळ आहे.

दुसरं सांगतो. मी परवा पैठण गेटला जाऊन हातात धरून खेळायचं मशीन घेतलं. दुकानदार म्हणाला, 'चाचा, पोते के लिए?' म्हटलं, 'नै, मेरे लिए.' त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काच पुसून दिली. तू ५ सप्टेंबरला पाठवलेली फुकट प्रत आपल्या जुन्या लॅपटॉपवर लावली होती, पण त्याचा पंखा गिरणीसारखा वाजायचा आणि पाणी हलायचंच नाही. ह्या मशीनवर पळतं.

माझं मत असं. टीव्हीला लावायचं मशीन सगळ्या घराचं असतं, हे एकट्याचं. आईची मालिका चालू असताना शेजारी बसून खेळता येतं हा फायदा. दीड-दोन तासांत चार्जिंग उतरतं हा तोटा. अंगठ्याखालच्या दोन गोट्या माझ्या वयाच्या माणसासाठी केलेल्या नाहीत. पण पडदा चांगला आहे. दुकानानं गेम काढला तरी माझ्याकडची प्रत अजून उघडते. म्हणजे आधीच्या पत्रात मी जे लिहिलं की शटर ओढलं की सगळं गेलं, तसं नाही. माझं चुकलं.

तात्यासाहेब भाजी मंडईत भेटतात. 'आपल्या पोराच्या गेमचं काय झालं?' म्हणून विचारतात. मी दुसरा विषय काढतो.

तुझे पप्पा


६ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यम,

दिवाळीला आला नाहीस. आईनं अनारशाचं पीठ डब्यात तसंच ठेवलंय.

आई माझ्याशी धड बोलत नाही. भाऊबीजेला भांडण झालं. ती म्हणाली, 'तुम्ही सांगा, नायतर मी सांगते.' मी तिला शपथ घातली. तू मला दोन वर्षांनी मिळालास, पुन्हा गेलास तर मी काय करू, असं तिला म्हणालो. ती म्हणाली, 'आन् त्या पोरीच्या आईनं काय करावं?' कशाबद्दल ते आज लिहीत नाही. लिहीन.

'नहर'चे पाच टप्पे झाले. डोंगराखालून पाणी सोडायचं, जमिनीखालच्या नळातून शहरात आणायचं, एका मोहल्ल्याला जास्त दिलं की दुसरा कोरडा. हे तू कुठून आणलंस ते मला कळतं. इथं आज आठव्या दिवशी पाणी आलं. मी हातात मशीन घेऊन बसलो होतो आणि आई ओरडत होती, 'खरी टाकी भरा आधी!'

मृण्मयीनं त्यात एक म्हातारी काढलीय. पाणी पोचलं की ती घागर उंबऱ्यात ठेवून पदरानं तोंड पुसते. खेळात त्याचा काही उपयोग नाही, गुणही मिळत नाहीत. तरी तिनं काढली. मी तो मोहल्ला तीनदा कोरडा पाडून पुन्हा भरला, ती बाई बघायला. इतक्या निगुतीनं काम करणारी मुलगी खोटे अभिप्राय लिहीत बसेल का, हा प्रश्न तुला पडला नाही? मला पडायला नको होता. मला उत्तर माहीत आहे.

आज इतकंच होतंय.

पप्पा


२१ नोव्हेंबर २०२४

सत्यम,

काल मतदान झालं. आई आणि मी सकाळीच जाऊन आलो. बोटाला शाई लावणारी बाई माझ्या शाळेत शिकवायची, आता निवृत्तीला आलेली. 'गुरुजी, आज तुम्ही रांगेत!' म्हणाली. तुला माहीत आहे, मी किती निवडणुकांना केंद्रावर होतो. लासूर स्टेशनला एकदा एक जण मेलेल्या भावाच्या नावावर मत द्यायला आला, त्याला मी दंडाला धरून बाहेर काढला होता आणि घरी येऊन तुम्हाला फुशारकीनं सांगितलं होतं. एका माणसाचं एक मत, आणि तेही त्याच्या मनाचं.

काल घरी आलो आणि त्या शाईकडे बघून मला बसवेना. आता लिहितो.

ते अभिप्राय मी लिहून घेतले.

तू फोन केलास आणि मला काय करू नि काय नको असं झालं. तू बोलता बोलता म्हणालास, 'पहिल्या आठवड्यात लोकांनी चांगलं लिहिलं तर दुकान गेम वर दाखवतं.' बस. मी मनात धरलं. माझ्या लेकाच्या गेमला माणसं कमी पडणार? मी तीस वर्षं शिकवलंय, माझ्या एका हाकेला माणसं येतात. सुदर्शन तुला आठवत असेल, लासूरचा माझा विद्यार्थी, त्याचा टीव्ही सेंटर चौकात कॉम्प्युटर क्लास आहे. रविवारी क्लास बंद. गणपतीचा दुसरा दिवस होता. मी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि माणसं बोलावली. माझे निवृत्त मास्तर, त्यांच्या सुना, कॉलनीतली माणसं, तात्यासाहेब, केसरबाई सुद्धा, ज्यांना आपलं नाव सोडून काही लिहिता येत नाही. पोहे केले, चहा सांगितला. वातावरण असं होतं की जणू घरचं कार्य आहे.

वीस कॉम्प्युटर, दोन पाळ्या, आणि शेवटी तुझी आई. खाती सुदर्शननं काढून दिली, गेम सगळ्यांना मी घेऊन दिला, माझ्या एकाच कार्डावरून. दोन-दोन मिनिटं उघडून ठेवा म्हणालो. तात्यासाहेब ओरडायले, 'आप्पा, ह्यात पाणी सोडायचं का अडवायचं? लई गोंधळ व्हायलाय राव!' सगळे हसले. मीही हसलो. लिहायचं काय ते कुणाला सुचेना, म्हणून मी फळ्यावर नमुना लिहून दिला. 'हा खेळ अतिशय सुंदर, बोधप्रद व संस्कारक्षम आहे. सर्वांनी अवश्य घ्यावा.' आणि वर्गातून फिरून बघितलं, सगळ्यांनी नीट उतरवलंय का. एकाचा 'व' राहिला होता, तो मी घालायला लावला.

फक्त तुझ्या आईनं उतरवलं नाही. 'माझं लेकरू हाय, माझ्या मनानं लिहिते,' म्हणाली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

आता जे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. सुदर्शननं मला अडवलं होतं. सुरुवातीलाच. म्हणाला, 'गुरुजी, एवढी खाती एका जागेवरून, एका कार्डावरून काढली तर दुकानाला संशय येईल. गेम काढून टाकतात असं. सत्यमला एकदा विचारा.' मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, 'मी तुला शिकवलंय का तू मला?' तो खाती काढायला बसला. मी तुला विचारलं नाही, कारण मला तुला चकित करायचं होतं. 'खेळणीवाला' म्हणालो होतो ते मला पुसायचं होतं. आणि तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.

आठ दिवसांनी गेम गेला. तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या मित्राचा फोन ठेवला तेव्हाच. मेथीचं लिहिलं ते खरं, पण हात थांबला तो दुःखानं नाही, भीतीनं. मग तुझं पत्र आलं आणि तू तिचं नाव लिहिलंस. खरं सांगू? मला बरं वाटलं. हे लिहिताना मला माझीच किळस येते. कुणाची तरी मुलगी माझ्या जागी उभी केली गेली आणि मला क्षणभर बरं वाटलं, आणि मी तुला लिहिलं, 'मुलगी चांगलीच होती, पण घाईत माणसाकडून होऊन जातं.' असं मी लिहिलं. शिक्षक माणूस मी.

त्या दुकानाला मी नाही नाही ते बोललो. त्यानं फक्त बोगस मतदान पकडलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही पेटी बाद केली असती.

पप्पा


४ डिसेंबर २०२४

सत्यम,

वरचं पत्र मी टाकलं नव्हतं. तेरा दिवस कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली. रोज सकाळी ठरवायचो, आणि संध्याकाळी म्हणायचो, उद्या. आज दोन्ही एकत्र पाठवतोय. हे माहीत असू दे की कबुलीलाही मी उशीर केला.

परवा मी मृण्मयीकडे गेलो. समर्थनगरला. पुण्याहून ती परत आलीय, घरीच मुलांना चित्रकला शिकवते. आधी तिच्याकडे जावं, मग तुला कळवावं असं वाटलं. दार तिच्या वडिलांनी, सदाशिवरावांनी उघडलं. मी नाव सांगितलं तर त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, 'या. बसा.' पाणी आणून दिलं. ज्या घरच्या मुलीला मी बदनाम होऊ दिलं त्या घरचं पाणी मी न पिताच खाली ठेवलं.

ती आली. मी उभाच राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. पाठ करून गेलो होतो, दोन वाक्यांतच सगळं विसरलो. ती म्हणाली, 'काका, बसा ना. मला माहीत आहे.'

मी म्हटलं, 'काय माहीत आहे?'

'तुम्ही केलंत ते. मला पहिल्याच दिवशी कळलं. दुकानाचं पान मीच बघायचे ना. सोमवारी सकाळी उघडलं तर एक्केचाळीस अभिप्राय. चाळीस अगदी एकसारखे, आणि एक काकूंचा.'

आईचा तिला तोंडपाठ आहे. तिनं म्हणून दाखवला. 'माझ्या सत्यमनं हा खेळ केला आहे. मला खेळता येत नाही. लहानपणी त्याला पाण्याच्या रांगेत उभं करायचे, त्यानं ते खेळात घातलं आहे. लेकरा, जेवत जा.'

पान तू कधी उघडत नव्हतास आणि पुढं दुकानानं ते सगळे पुसून टाकले, म्हणून तुला दिसले नाहीत. तुला फक्त नोटीस दिसली.

मी विचारलं, 'मग त्यानं तुला विचारलं तेव्हा गप्प का बसलीस, बाई? माझं नाव सांगायचं होतंस.'

ती म्हणाली, 'काका, त्या आठवड्यात तो दिवसभर तुमच्याबद्दल बोलायचा. पप्पा असं म्हणाले, पप्पा तसं म्हणाले. दोन वर्षांत मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. तो गेमपेक्षा त्या फोननं जास्त खूश होता. मी कसं सांगणार? मला वाटलं, तुम्ही गुरुजी आहात, आज ना उद्या तुम्हीच सांगाल. मी वाट बघत राहिले.'

अडीच महिने ती वाट बघत होती, सत्यम. त्यात तू तिला काय काय लिहिलंस ते तिनं मला दाखवलं नाही, पण तिच्या आईनं आतून सांगितलं, 'दिवाळीत पोरीनं नवा ड्रेस घातला नाही.' मी तिच्या पाया पडायला वाकलो. माझ्या मुलीच्या वयाची आहे ती. सदाशिवरावांनी मला खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, 'आता हे नको. आता फक्त लेखी द्या.'

दिलं. काल कोर्टाजवळ जाऊन स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीनं विचारलं, 'गुरुजी, नेमका गुन्हा काय लिहू?' मी सगळं सांगितलं, तो हसायला लागला. मग माझ्याकडे बघून थांबला. सुदर्शननं त्याचं इंग्रजी करून दिलं. त्याचीही मी माफी मागितली, त्याच्या क्लासमध्ये, मुलं बसलेली असताना, कारण अपमान सगळ्यांसमोर केला होता. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय की हे सर्व आप्पासाहेब रामराव काकडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, यांनी एकट्यानं केलं, आणि गेम करणाऱ्या दोघांना याची काही कल्पना नव्हती. मूळ कागद सोबत आहे. १५ तारखेच्या आत दुकानाला पाठव. गेम परत लागेल का, ते मला सांगता येत नाही. नाही लागला तर तो मी बुडवला, दुसऱ्या कुणी नाही.

ज्यांना पोहे खाऊ घातले त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आता मी हे सांगतोय. तात्यासाहेब म्हणाले, 'आप्पा, पोरासाठीच केलं की, त्यात काय एवढं?' हे ऐकून मला पूर्वी बरं वाटलं असतं.

आता एकच मागणं. हे वाचून तू चिडशील आणि चिडायलाच पाहिजेस. मला फोन करून काय बोलायचं ते बोल, पण आधी नको. आधी तिला कर. तुझा फोन इकडे पहिला आला तर मी उचलणार नाही, आईलाही तसं सांगून ठेवलंय. तिला कर, आणि मी तिच्या घरात उभं राहून जे बोललो ते तूही बोल. मला नंतर नाही केलास तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण खोटं आता बस झालं. चालणार नाही, सत्यम. मला अजिबात चालणार नाही. तरी आधी तिला कर.

तुझे पप्पा